पहिल्या मजल्यावरचं जातं

गायकवाड, तुमच्या शोकसभेला तुम्ही हवे होतात. पहिल्या दहा मिनिटांतच तुमच्या चार लेखी हरकती झाल्या असत्या.

बॅनरवर तुमच्या नावाआधी 'कै.' छापलं होतं. आठच दिवसांपूर्वी तुम्हाला माती देताना पाद्रीसाहेबांनी तुम्ही कुठे निघालात ते पुरेसं स्पष्ट सांगितलं होतं, आणि त्यात कैलासाचा उल्लेख नव्हता. मी मराठी मंडळाचे कार्यवाह नाडकर्णी यांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "ताई, बॅनर छापून आला. आता भावना समजून घ्या." मग ते बोलायला उभे राहिले आणि त्यांनी तुम्हाला दिल्लीतल्या मराठी इतिहासाचे भीष्माचार्य करून टाकलं. पहिल्या रांगेत तुमची शुभा मान खाली घालून बसली होती. लोकांना वाटलं, लेक रडतेय. ती हसू दाबत होती. मला ठाऊक आहे, कारण माझंही तेच चाललं होतं.

पुढच्या घोषणेनं माझं हसू गेलं. तुमच्या संग्रहालयातलं जातं खाली प्रवेशद्वारापाशी आणणार आहेत. त्याच्यामागे ग्रॅनाइटचा फलक: 'अठराव्या शतकात मराठी फौजेच्या छावणीबरोबर दिल्लीत आलेले जाते. संशोधक: कै. भास्करराव गायकवाड.' ग्रॅनाइटचा रंग ठरलाय, हस्ते कुणाच्या ते ठरायचंय. मंत्री मिळाले तर मंत्री, नाहीतर सचिव दर्जाचं कुणीही. सभेनं टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत एवढंही आता कुणी कुणाला सांगत नाही.

त्या मजकुरातल्या एकाही शब्दाला आधार नाही हे मला माहीत होतं. ते तुम्हालाही माहीत होतं, आणि माझ्याहून कितीतरी जास्त माहीत होतं, हे मला दोन दिवसांनी कळलं. तेव्हापासून तुमच्याशी भांडतेय. तुम्ही उत्तर देत नाही, हा तुमचा नवा दोष.

तुमची खोली अजून आहे तशीच आहे. मंडळाच्या इमारतीत खाली कार्यालय आणि लग्नामुंजींचा हॉल, वर पहिल्या मजल्यावर बारा बाय चौदाचं संग्रहालय, आणि जिन्यात बाण काढलेली पाटी, जिच्याखाली कुणीतरी खडूनं 'हॉल बुकिंगची चौकशी खाली' असं लिहून ठेवलंय. आत पाडलेल्या सरकारी क्वार्टरांच्या दारांवरून उतरवलेल्या नावांच्या पाट्या. एक पाय दोरीनं बांधलेलं पुरणयंत्र. देवनागरी टंकयंत्र, ज्याचा 'ळ' तुटला होता आणि ज्या हिंदी कार्यालयात ते वापरात होतं तिथं वीस वर्षं कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं. बघायला येणारे सहसा हॉलमधल्या लग्नाला आलेले आणि स्वच्छतागृह शोधत वर चढलेले. तुम्ही त्यांनाही आधी पाट्या दाखवायचात, मग रस्ता.

आणि दर सोमवारी फळ्यावर एक पिवळी चिठ्ठी. 'तुम्हाला माहीत आहे का?' सरोजिनी नगरच्या वसाहतीतला पहिला गणपती कार्यालयातून उसन्या आणलेल्या लोखंडी रॅकवर बसला होता, आणि रॅक परत घेताना स्टोअरकीपरनं 'सुस्थितीत, किंचित शेंदूर' असा शेरा मारला होता. आर. के. पुरमचा एक किराणावाला आमसूल मागणाऱ्या बायकांना वर्षभर साफ केलेली चिंच देत होता आणि ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. या दुसऱ्या चिठ्ठीवर माझी हरकत आहे, फाइलमध्ये सापडेल: 'माझ्या लक्षात आलं होतं.'

चिठ्ठीच्या तळाशी तुमची ती छापील ओळ: 'हरकती लेखी द्याव्यात. पंधरा दिवसांत हरकत न आल्यास माहिती खरी धरली जाईल.' मुदत संपली की चिठ्ठी उतरायची, पांढऱ्या कार्डावर टाइप व्हायची आणि तिला फाइल नंबर मिळायचा. जगात कुठल्याही संग्रहालयात इतिहास असा मंजूर होत नसेल. पण तुमचं उभं आयुष्य मंत्रालयाच्या एका सेक्शनमध्ये गेलेलं. ज्यावर कुणी आक्षेप घेतला नाही ते मंजूर, हे तुमच्या हाडात मुरलेलं होतं. मी त्याच इमारतीच्या तळमजल्यावर ग्रंथपाल होते. माझ्या हाडात मुरलेलं होतं ते एवढंच, की पुस्तकात छापलेलंही तपासून घ्यावं. म्हणून चारशेच्या आसपास चिठ्ठ्यांवर हरकत घेणारी मी एकटीच. तुम्ही मला तोंडावर सबनीसबाई म्हणायचात आणि इतरांपाशी हरकतबाई. दोन्ही माझ्यापर्यंत पोचायचं.

गच्चीची चिठ्ठी आठवते? सेक्टर चारच्या गच्चीवर चाळीस बायकांचं हळदीकुंकू झालं, असं तुम्ही लिहिलंत. मी हरकत घेतली की गच्चीची किल्ली केअरटेकर नायर यांच्याकडे असायची आणि नायर ती आपल्या बायकोलाही देत नसत.

"चाळीस बाया उडत गेल्या का वर?" मी विचारलं.

"तुमची हरकत रास्त आहे," तुम्ही म्हणालात. आणि तीन आठवडे खपून नायरांच्या मुलाचा फोन नंबर मिळवलात. तो कोट्टायमला. त्यानं सांगितलं, वडिलांनी किल्ली दिली नव्हती, आईनं चोरून दिली होती, आणि स्वतःही जाऊन आली होती. तुम्ही चिठ्ठी सुधारलीत: 'एकेचाळीस बायका.' त्या दिवशी तुम्ही मला जिन्याखालच्या कँटीनमध्ये चहा पाजलात आणि म्हणालात, "तुम्ही नसतात तर एक बाई इतिहासातून कमी झाली असती." मी म्हटलं, भाषण नको, बिस्किट सांगा.

हे सगळं मी का लिहितेय, तर तुम्ही खोटं लिहिणारे माणूस नव्हतात हे मला आधी स्वतःलाच सांगायचंय.

जातं आणायला मीही होते. सरोजिनी नगरचे जुने क्वार्टर पाडायला घेतले तेव्हा तुम्ही रोज नावांच्या पाट्या गोळा करत हिंडायचात. एका सकाळी फोन केलात: "जड वस्तू आहे. रिक्षा लागेल. तुम्ही वाटाघाटीला चला, मला भाव करता येत नाही." जिन्याखाली, विटांच्या तुकड्यांत, काळ्या दगडाचं जातं पडलं होतं. खुंटा गेलेला. तुम्ही थेट तिथंच गेलात, इकडेतिकडे पाहिलंही नाहीत. ते मला तेव्हा खटकायला हवं होतं. माझं सगळं लक्ष रिक्षावाल्याकडे.

"आंटीजी, ये क्या मंदिर का है?" त्यानं विचारलं.

"संग्रहालय का है," मी म्हटलं.

"तो फिर पचास और."

दगड आपल्या दोघांच्या पायांमध्ये. तुम्ही वाटभर वरच्या पाळूवर, त्या फिरत्या दगडावर, हात ठेवून बसला होतात, लहान मुलाच्या डोक्यावर ठेवावा तसा. मी म्हटलं, पडणार नाही, गायकवाड, तो दगड आहे. तुम्ही म्हणालात, "माहितेय." हात काढला नाहीत.

मग मुनिरक्याच्या सुताराकडून तुम्ही नवा शिसवी खुंटा बसवून घेतलात आणि जातं खोलीत कोपऱ्यात ठेवलंत. कार्डावर फक्त 'जाते. सरोजिनी नगर.' पुढचं पुढे पाहू, म्हणालात. त्या खोलीत तुमच्या घरचं काहीच नव्हतं. एकदा मी विचारलंही होतं. तुम्ही म्हणालात, "संग्रहालय चालवणाऱ्यानं आपल्या घरच्या वस्तू मांडू नयेत. उद्या लोक म्हणतील, पदाचा फायदा घेतला."

"कसलं पद?"

"तेही खरंच," तुम्ही म्हणालात. पण नियम बदलला नाहीत.

गेल्या वर्षाच्या शेवटी माझ्या बहिणीच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी मी दीड महिना पुण्याला गेले. परत आले तर जात्याशेजारी पांढरं कार्ड, फाइल नंबरासकट. छावणी, फौज, अठरावं शतक. एका वर्तमानपत्रानं फोटोही छापलेला. दोन शाळांच्या सहली येऊन गेलेल्या. मी पिशवीही खाली न ठेवता विचारलं, "हे काय?"

"मुदत संपली. हरकत आली नाही."

"मी इथं नव्हते."

"हरकत घेणारा गावात असावा, अशी नियमात अट नाही."

"आधार काय?"

"दगड काळा आहे. असा दगड दिल्लीत निघत नाही. दख्खनचाच आहे."

"दगड दख्खनचा हे मला मान्य आहे. म्हणून तो काय घोड्यावरून आला? कुणातरी बाबूच्या अडाणी बायकोनं रेल्वेतून आणला असेल. दारात गिरणी असताना उरावर दगड घेऊन येणाऱ्या बायका काय कमी होत्या?"

तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, परत लावलात. म्हणालात, "असेल."

"मग तसं लिहा."

"तसं लिहिलं तर कोण येईल बघायला?"

"तुम्ही आता भाट झालात, गायकवाड," मी म्हटलं आणि जिना उतरले. उतरताना मला आपण जिंकलो असं वाटत होतं.

त्यानंतर पाच महिने मी वर आले नाही. तुमचा फोन दोनदा आला. पहिल्यांदा मी उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला तर तुम्ही पाइप गॅसच्या जोडणीला कोणते कागद लागतात ते विचारलंत. ते तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत होतं. मी कागद सांगितले. तुम्ही म्हणालात, "अच्छा. अजून एक होतं, पण ते समोरच बोलू." मी म्हटलं, बघू. आपलं शेवटचं संभाषण गॅस जोडणीबद्दल झालं, गायकवाड, आणि त्यात माझा शेवटचा शब्द 'बघू'.

शोकसभेनंतर शुभानं खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. "मावशी, फाइली नाडकर्णी अंकलना द्यायच्यात. तुम्हीच लावून द्या ना. मला बाबांचं अक्षर बघवत नाहीये." मी जात्याची फाइल शेवटी उघडली. रागच होता अजून.

सगळ्यात खाली दोन जुने कागद होते. पहिला, क्वार्टरांचं वाटप पाहणाऱ्या कार्यालयाला लिहिलेल्या तक्रारीची प्रत, तळमजल्यावरच्या भटनागर नावाच्या गृहस्थांची. त्यातली एक ओळ: 'ऊपरवाले क्वार्टर में मुँह-अँधेरे पत्थर की चक्की चलती है, जिससे हमारी छत काँपती है और बच्चे जाग जाते हैं.' दुसरा, त्याला तुमच्या वडिलांचं उत्तर, अर्ध्या पानाचं, माफी मागणारं. शेवटचं वाक्य: 'पत्नी को मना कर दिया गया है.'

तक्रारीच्या पाठीवर पेन्सिलीनं तुमचं अक्षर. 'आई. हिनंच आणलं, नगरहून मनमाडला, तिथून गार्डाच्या डब्यातून. पहाटे दळताना आपल्या ख्रिस्ती देवळातली गाणी ओवीच्या चालीवर म्हणायची. पत्र आल्यावर जातं जिन्याखाली गेलं. वडील निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडलं, ते तिथंच राहिलं.' आणि खाली वेगळ्या शाईत, आपल्या भांडणाच्या दिवसाची तारीख घालून: 'गिरणीवाला बाजरी दळून देत नसे. गव्हात मिसळते म्हणे.'

मी त्या दिवशी तुमच्या आईला, तुमच्या तोंडावर, अडाणी म्हटलं. आणि तुम्ही माझा मुद्दा तपासून त्याचं उत्तर फाइलला लावून ठेवलंत.

पण मी विरघळले असं समजू नका. त्या कागदांच्या वर तुमच्या टिपण्या होत्या, ओळीनं, सेक्शनमध्ये लिहायचात तशा.

'कार्यवाह तोंडी म्हणाले की खोली केटररच्या भांड्यांसाठी हवी आहे. इथं बघण्यासारखं आहे काय, असं विचारलं. उत्तर देता आलं नाही.'

'छावणीचा मजकूर तयार केला. आधार नाही. सबनीसबाई हरकत घेतील.'

'सबनीसबाई आज पुण्याला गेल्या. चिठ्ठी आज लावावी.'

ही तिसरी ओळ मी चार वेळा वाचली. गायकवाड, तुम्ही माझ्या गाडीची वेळ विचारली होतीत. डब्यासाठी गुळाच्या पोळ्या पाठवल्या होत्यात. मला वाटलं, काय माणूस आहे. तुम्ही मी जायची वाट पाहत होतात. ज्या नियमाची टर उडवत मी इतकी वर्षं तो पाळला, तो तुम्ही माझ्या पाठीमागे माझ्याचविरुद्ध वापरलात. आणि तो चालला. छावणी आली, फोटो आला, शाळा आल्या, भांडी गॅरेजमध्ये गेली. एका खोट्या चिठ्ठीनं चारशे खऱ्या चिठ्ठ्या वाचवल्या. त्यासाठी तुम्ही आईला पुन्हा एकदा गप्प केलंत. मी तुमच्या जागी काय केलं असतं हे मला सांगता येत नाही, आणि तुम्हाला माफ केलं की नाही तेही.

शेवटची टिपणी तुमच्या जाण्याच्या आधीच्या आठवड्यातली असावी. असावी म्हणते, कारण तिच्यावर तारीख नाही. तुम्ही दूधवाल्याच्या चिठ्ठीवरही तारीख घालायचात. 'सबनीसबाईंना समोर बसवून सांगावं. मुदत संपल्यावर आलेली हरकत विचारात घेता येते का, ते पाहावं.'

मी फाइल घेऊन खाली नाडकर्णींकडे गेले. त्यांनी सगळं वाचलं. ते वाईट गृहस्थ नाहीत, त्यांना फक्त समारंभ आवडतात.

"ताई, खरं सांगू? मला तेव्हाही शंका आली होती," ते म्हणाले. "पण आईचं जातं बघायला मंत्री कसे येणार? प्रत्येकाच्या आईचं काही ना काही असतंच की."

"तेच तर त्या खोलीत आहे."

"बिल्कुल. म्हणून तर कुणी येत नव्हतं." त्यांनी फाइल माझ्याकडे सरकवली. "कमिटीतले निम्मे अजून ती खोली मागतायत. हा फलक लागला की पुढची दहा वर्षं कुणी तिला हात लावणार नाही. तुम्हाला खोली राहायला हवी की नको?"

"हवी."

"मग?"

गायकवाड, तुमच्या टिपणीतलंच वाक्य: उत्तर देता आलं नाही.

"शुक्रवारी ग्रॅनाइटवाल्याला मजकूर द्यायचाय," नाडकर्णी म्हणाले. "तोवर बघा. मी काही वाचलेलं नाही."

शुभाला गुडगावला फोन केला. आधी तिला कळेचना. "कोणती, ती कोपऱ्यातली चक्की? आजीची होती?"

"जातं."

"हां, वही. जातं." मग मी तिला टिपण्या वाचून दाखवल्या. "मावशी, म्हणजे बाबांनी झूठ लिहिलं, असं तुम्ही सगळ्यांना सांगणार? आत्ता? महिना पण नाही झाला." आणि मग, अगदी हळू: "तुमचं तर भांडण झालं होतं ना. लोक म्हणतील, गेल्यावर बदला घेतला."

हे मलाही सुचलं होतं. तिच्या तोंडून ऐकणं वेगळं. मी म्हटलं, तू नको म्हणालीस तर फाइल बांधून ठेवते.

"आजीचं नाव येणार त्यात?"

"पूर्ण नाव."

"मी कधी कुठे लिहिलेलं बघितलंच नाहीये," ती म्हणाली. "लावायच्या आधी मला पाठवा. स्पेलिंग मी नाही तपासू शकणार, पण पाठवा."

गुरुवारी मी चिठ्ठी लावली, तुमच्याच पिवळ्या कागदावर. 'तुम्हाला माहीत आहे का? हे जाते श्रीमती सगुणाबाई गायकवाड यांनी नगर जिल्ह्यातून मनमाडमार्गे रेल्वेने दिल्लीला आणले. सरोजिनी नगरच्या पहिल्या मजल्यावरच्या क्वार्टरमध्ये त्या पहाटे बाजरी दळत आणि दळताना गात. खालच्या मजल्याच्या तक्रारीनंतर त्यांना मनाई झाली. आधार: मूळ तक्रारीची प्रत आणि तिच्या पाठीवरची नोंद. आधीचे पांढरे कार्ड चुकीचे होते. ते तयार करणाऱ्या व्यक्तीने मुदतीनंतरच्या हरकतीचा प्रश्न खुला ठेवला होता. हरकती लेखी द्याव्यात.'

तुमचं नाव मी घातलं नाही. त्यावर तुमची हरकत असेल तर समजू शकते. खोटं लिहिणाऱ्याचं नाव यायला हवं, असं तुम्ही म्हणाला असतात. मला जमलं नाही.

नाडकर्णी वर आले, वाचून म्हणाले, "आणि उद्याचा मजकूर?"

"पंधरा दिवस देता येणार नाही. हरकतीची मुदत आहे."

"कुठल्या नियमानं?"

"आधीचं ज्या नियमानं खरं ठरलं त्याच."

त्यांनी ग्रॅनाइटवाल्याला थांबायला सांगितलं. नियम आहे म्हटल्यावर दिल्लीतला मराठी माणूस थांबतो. तेवढ्यावर तर तुमचं अख्खं संग्रहालय उभं होतं.

रोज दुपारी मी तुमच्या खुर्चीत बसते. लोक स्वच्छतागृह विचारत येतात. मी आधी पाट्या दाखवते. चिठ्ठी बऱ्याच जणांनी वाचली, हरकत एकही नाही. सोळाव्या दिवशी ही माहिती खरी ठरेल आणि तुम्ही खोटे. त्याच्या पुढच्या कमिटी बैठकीत बहुधा केटररची भांडी वर येतील. सत्य सांगितलं म्हणून कुणी खोली देत नाही. हे तुम्हाला माझ्याआधी कळलं होतं, आणि या एका बाबतीत तुम्ही बरोबर होतात याचा मला फार त्रास होतोय. कधी वाटतं, फाइल बांधून ठेवायला हवी होती. सहलीला आलेल्या त्या पोरांना घोडे आवडले होते.

पण एक गोष्ट राहिली होती. तुम्हाला माहीत आहे, लेखी असलं तरी मी तपासल्याशिवाय मानत नाही. जात्याचा आवाज खरंच खालच्या मजल्यावर जातो का? भटनागर भांडखोर असतील, त्यांनी वाढवून लिहिलं असेल. काल दुपारी कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव किलो बाजरी घेतली. दार लावलं. दगडाभोवती वर्तमानपत्र पसरलं, छावणीचा फोटो असलेलंच निघालं, मुद्दाम नव्हे. या वयात जमिनीवर बसणं हाच एक प्रकल्प. आयुष्यात मी जात्याला हात लावला नव्हता. मीही दारात गिरणी असलेलीच. पहिली मूठ घातली, खुंटा ओढला, आणि दगड हलेना. मग एकदम हलला.

गायकवाड, तो आवाज तुम्ही मला कधी सांगितला नव्हतात. तो कानांना ऐकू येतो त्याच्या आधी बसल्या जागी कळतो. फरशीतून येतो. खिडकीची काच वाजायला लागली, टंकयंत्राची घंटा आपोआप किणकिणली. पीठ कडेनं पडायला लागलं, राखाडी, जाडंभरडं, कच्चं, पण पीठ. मला गाता येत नाही, आणि ती गाणी मला ठाऊकही नाहीत. मी नुसतीच फिरवत राहिले.

पाचव्या मिनिटाला जिन्यात पावलं वाजली. दार ढकलून नाडकर्णी आत आले. खाली बैठक चालली होती, हस्ते कुणाच्या त्याचीच.

"ताई, हे काय चाललंय? खाली सगळं हादरतंय. पंखा हलतोय. लोक विचारतायत, वर काय आहे?"

"काय सांगितलंत?"

"काय सांगणार? बंद करा ना जरा."

मी तुमच्या टेबलावरचं कोरं पान पुढे केलं. "लेखी द्या."

त्यांनी पानाकडे पाहिलं, फळ्यावरच्या पिवळ्या चिठ्ठीकडे पाहिलं. मग ते आपणहून खुर्चीत बसले आणि पेन काढलं. आवाजाबद्दल दोन ओळी लिहिल्या, सही केली, तारीख घातली. तो कागद मी भटनागरांच्या तक्रारीमागे लावला आहे. शेरा मारला आहे: 'आवाज खालच्या मजल्यावर जातो. पडताळलं.'

"आता तरी थांबा, ताई," नाडकर्णी दारातून म्हणाले.

बाजरी अजून निम्मी उरली होती. मी पुढची मूठ घातली आणि खुंटा धरला.